मातीतला स्वार वाळूत का गेला? सी. एस. संतोषची कारकीर्द आणि आपल्याकडचं मोटोक्रॉस

आपल्या मंडळाच्या पानावर ताम्रपट, वीरगळ, वाडे, पेठा आणि जुन्या घराण्यांचे कागद यांवर लिहायची रीत आहे. मोटारसायकलच्या शर्यतींवर निबंध म्हटल्यावर काही सभासदांच्या भुवया वर जाणार, हे गृहीत धरूनच लिहितो. पण बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, गोवा या पट्ट्यात ऐंशीच्या दशकानंतर लहानाचा मोठा झालेला माणूस घ्या, त्याला ‘डर्ट ट्रॅक’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. धुरळा, टू-स्ट्रोकचा तो कानठळ्या बसवणारा आवाज, दोरीच्या अलीकडे उभी राहिलेली गर्दी हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. हाही आपल्या गावांचा इतिहासच. अडचण एवढीच की या खेळाचे कागद उरत नाहीत. ट्रॅक दोन दिवसांसाठी उभा राहतो आणि सोमवारी जेसीबी येऊन तो सपाट करून जातो. पत्रकं रद्दीत जातात, करंडक माळ्यावर जातात, गाड्या भंगारात.

म्हणून एका स्वाराची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटापर्यंत समजून घ्यायची, तर ज्याची नोंद सार्वजनिक आहे असा माणूस निवडावा लागतो. मी बंगळूरूचा सी. एस. संतोष निवडला आहे. चुंचुनगुप्पे शिवशंकर संतोष, जन्म १९८३. तो मराठी नाही आणि त्याला ओढून आपल्यात आणायचाही माझा हेतू नाही. पण ज्या मातीवर, ज्या गाड्यांवर आणि ज्या व्यवस्थेत आपल्याकडची पोरं शर्यत खेळली, तिथूनच तो आला आणि सगळ्यांच्या पुढे गेला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय’ एवढ्या एका ओळीत बसवून टाकलं. मला त्यातला वेगळाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. देशात मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस गाजवलेला हा स्वार तिशीच्या उंबरठ्यावर तो खेळ बाजूला ठेवून वाळवंटात का गेला? याचं उत्तर त्याच्या स्वभावात थोडं आहे. बाकीचं आपल्या मातीत, आपल्या गाड्यांत आणि वयाच्या हिशेबात आहे.

आधी खेळ कसा असतो ते थोडक्यात. मोटोक्रॉसचं मूळ इंग्लंडात सापडतं. १९२४ साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीजवळ ओबडधोबड माळावर एक शर्यत झाली, तिला ‘स्क्रॅम्बल’ म्हणत. फ्रेंचांनी पुढे ‘मोटो’ आणि ‘क्रॉस-कंट्री’ हे दोन शब्द जोडून आजचं नाव दिलं. नैसर्गिक उतार, चढ, चिखल, वाळू यांवरून फिरणारा बंदिस्त ट्रॅक आणि एका लोखंडी गेटमागे खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले चाळीसेक स्वार, असं त्याचं रूप. गेट पडलं की सगळे एकाच कोपऱ्याकडे धावतात. जागतिक स्पर्धेत एका फेरीला ‘मोटो’ म्हणतात. ती अर्धा तास अधिक दोन लॅप चालते आणि अशा दोन फेऱ्या एकाच दिवशी होतात. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये बाहेरून माती आणून उड्यांचा कृत्रिम ट्रॅक बांधला गेला आणि त्यातून सुपरक्रॉस निघालं. ती पहिली शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने जिंकली. हे वय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लांबून बघणाऱ्याला वाटतं की काम गाडी करते आणि माणूस नुसता बसलेला असतो. खरं तर तो बसतच नाही. बराच वेळ पायदानावर उभा असतो, गुडघ्यांनी टाकी आवळून धरतो, आणि शंभर किलोंच्या वरची गाडी हवेत असताना अंगाच्या वजनाने तिला सरळ करतो. उडीत पुढचं चाक खाली जात असेल तर थ्रॉटल द्यायचा, मागचं जात असेल तर मागचा ब्रेक दाबायचा, कारण फिरत्या चाकाचा वेग बदलला की गाडी हवेतल्या हवेत झुकते. हे पुस्तकात वाचून येत नाही. आठ-दहा वर्षांचं पोर पडत-उठत हे शिकतं तेव्हा ते हाडात मुरतं. विसाव्या वर्षी शिकायला गेलं तर डोक्याला कळतं, पण अंग थोडं उशिरा ऐकतं.

आता आपल्याकडच्या गाड्या बघू. युरोपात चेकोस्लोव्हाकियाच्या चेझेड गाडीवर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ साली जगज्जेता झाला. त्याच चेझेडची बहीण शोभावी अशी जावा तेव्हा म्हैसूरला तयार होत होती. आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि पुढे तिथूनच येझदी आली. म्हणजे घराणं एकच, पण आपल्या वाट्याला आली ती दूध, भाजी आणि दोन पाहुणे वाहणारी गाडी. मोटोक्रॉससाठी म्हणून बांधलेली गाडी भारतात दुकानात मिळत नव्हती, आणि आयात करणं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होतं. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली तेव्हा कुठे चित्र बदललं. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, अकरा अश्वशक्ती आणि हलकं अंग. त्यानंतर टीव्हीएस-सुझुकीच्या गाड्या, शोगन वगैरे आल्या. शर्यतीच्या पोरांना हव्या त्या तीन गोष्टी या गाड्यांत होत्या: वजन कमी, इंजिन झटकन फिरणारं आणि सुटे भाग गल्लीत मिळणारे.

पण कारखान्यातून आलेली आरएक्स ट्रॅकवर नेली तर दुसऱ्या उडीला मोडायची. तिला शर्यतीची करायचं काम मिस्त्रीचं. आधी दिवा, इंडिकेटर, आरसे, साडीगार्ड, मडगार्डचा पत्रा असं सगळं उतरवायचं. फ्रेमच्या मानेपाशी आणि स्विंगआर्मला जादा पट्ट्या वेल्ड करायच्या, कारण उडीवरून गाडी आपटली की तडा पहिल्यांदा तिथेच जातो. हँडलला मधोमध आडवा रॉड द्यायचा. पुढच्या फोर्कात स्प्रिंगखाली लेथवर काढलेला तुकडा घालायचा आणि तेल जाड भरायचं. मागे लांब शॉकअप बसवून शेपूट उंच करायचं. मागचं चेन-स्पॉकेट मोठं लावायचं, त्यामुळे टॉप स्पीड जातो पण कोपऱ्यातून बाहेर पडताना गाडी उसळी घेते. मग इंजिनात हात. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, सिलिंडरची पोर्टं कानसीने मोठी करायची, आणि सायलेन्सरच्या जागी पोट फुगलेला चेंबर वेल्ड करायचा. त्या चेंबरच्या आकारावर सगळं अवलंबून असायचं. जळालेल्या वायूची लाट चेंबरच्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ती वेळेवर आली तर गाडी उडते, चुकली तर नुसतीच बोंबलते. मिस्त्री हे गणित कागदावर मांडत नसत. आवाज ऐकून इंचभर कापायचे, पुन्हा जोडायचे. आपल्या भागातल्या कितीतरी गॅरेजांत हे ज्ञान तोंडी चालत आलं. टू-स्ट्रोक गाड्या प्रदूषणाच्या नियमांपुढे मागे पडल्या तशी त्या कानांची गरजही संपत गेली.

मातीचाही विचार करायला हवा, कारण मोटोक्रॉसमध्ये माती हाच अर्धा प्रतिस्पर्धी असतो. युरोपातले ट्रॅक पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी आहेत. बेल्जियमच्या लोमेलची खोल वाळू चालवायची म्हणून स्वार तिथे जाऊन राहतात. आपल्याकडे आजचा ट्रॅक पुण्यात, पुढचा नाशकात, त्यापुढचा वडोदऱ्यात किंवा गोव्यात. दरवेळी मैदान भाड्याचं आणि माती डंपरमधून आलेली. बेळगावच्या पूर्वेला काळी जमीन. ती कोरडी असली की पिठासारखी उडते, जरा ओली झाली की चाकाला चिकटून मडगार्डात चाक अडकवते. गोव्याकडे आणि घाटाखाली जांभ्याची तांबडी माती. वरून घट्ट दिसते, पण तिच्यातले बारीक गोल खडे कोपऱ्यात टायरखाली छर्ऱ्यासारखे फिरतात. मुरूम सगळ्यांत बरा, म्हणून आयोजक मुरूमच मागवतात. पाण्याचा टँकर सकाळी फिरला की दुपारच्या पहिल्या शर्यतीला जी पकड असते, ती तिसऱ्या शर्यतीला गेलेली असते. असल्या ट्रॅकवर वाढलेला स्वार एका गोष्टीत तयार होतो. अनोळखी जमीन दिसली की तिचा अंदाज त्याला पटकन येतो. पण एकाच अवघड ट्रॅकवर हजारो लॅप मारून येणारी अचूकता त्याला मिळत नाही. संतोषच्या पुढच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी आल्या, असं माझं मत आहे.

पैशांचं म्हणाल तर व्यावसायिक स्वार हा शब्द आपल्याकडे जरा जपूनच वापरायला हवा. दोन वाटा होत्या. एक म्हणजे गाडीच्या कारखान्याच्या संघात घुसायचं. तिथे गाडी, टायर, मेकॅनिक आणि मानधन मिळतं, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुसरी वाट खासगी स्वाराची, म्हणजे ‘प्रायव्हेट’ वर्गात स्वतःच्या खिशातून खेळायचं. बक्षिसाच्या रकमेत पेट्रोल, टेम्पोभाडं आणि क्लच-प्लेटा निघाल्या तरी पोरं खूश. बहुतेकांची कारकीर्द हात किंवा कॉलरबोन मोडल्यावर, नाहीतर लग्न ठरल्यावर थांबली. आपल्या भागातही हेच झालं.

संतोष या चाळणीतून पार झाला. देशातल्या मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमध्ये तो वर्षानुवर्षं वरच्या रांगेत राहिला. पण जिंकत गेला तसा त्याला एक गोष्ट कळून चुकली असणार: इथे जिंकून पुढे जायला जागा नव्हती. नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्स पंधराव्या वर्षी जागतिक स्पर्धेची शर्यत जिंकत होता. अमेरिकेचा रिकी कारमायकेल विशीतच असंख्य विजेतेपदं मिळवून सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला. रायन व्हिलोपोटोने वयाच्या सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला. इटलीचा अँटोनिओ कैरोली छत्तिशीपर्यंत टिकला खरा, पण तो अपवाद, आणि त्याने लहानपणापासून तेच केलेलं. मोटोक्रॉसमध्ये आपला स्वार ज्या वयात गाडी नीट हाताळायला लागतो, त्या वयात तिकडच्या स्वाराचे गुडघे निवृत्तीचं बोलायला लागलेले असतात. ही दरी मेहनतीने भरत नाही, कारण गेलेलं लहानपण परत आणता येत नाही.

वाळवंटी रॅलीत वयाचं गणित उलट आहे. २०१५ ची डकार जिंकणारा स्पेनचा मार्क कोमा तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि ते त्याचं पाचवं विजेतेपद. तिथे वेग लागतोच, पण त्याहून जास्त लागतो तो संयम, दिशा न चुकणं आणि गाडी शेवटपर्यंत जिवंत ठेवणं. दिवसाचे कित्येकशे किलोमीटर, जमीन सतत अनोळखी, आणि हे दोन आठवडे. म्हणजे डंपरच्या मातीवर वाढलेल्या माणसाची जी एक जमेची बाजू, तिला तिथे भाव होता. शिवाय लहानपणी न मिळालेली अचूकता तिथे इतकी आडवी येत नाही.

पायरी मात्र एकदम चढता आली नाही. आपल्याकडे १९९९ पासून हिमालयात ‘रेड दे हिमालया’ होत असे. थंडी, विरळ हवा, ओढे, दगड असं सगळं तिथे होतं. संतोषने ती जिंकली, पण हिमालयात वाट बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. वाळवंटात वाटच नसते. २०१३ मध्ये तो अबूधाबी डेझर्ट चॅलेंजला गेला, तिथे त्याच्या गाडीने पेट घेतला आणि मानेला गंभीर भाजलं. पहिल्याच मोठ्या वाळवंटी स्पर्धेने असा चटका दिल्यावर परत फिरणारा माणूस शहाणाच ठरला असता. हा पुढच्या वर्षी पुन्हा जागतिक रॅलींच्या मालिकेत उतरला.

रॅलीतलं सगळ्यांत अवघड काम चालवण्याचं नाही, वाचण्याचं आहे, आणि मंडळातल्या कागद वाचणाऱ्या मंडळींना यात रस वाटेल. हँडलच्या वर एका पेटीत कागदाची गुंडाळी असते, तिला रोडबुक म्हणतात. डाव्या अंगठ्याजवळच्या बटणाने ती पुढे सरकते. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी: किती किलोमीटरवर, वाटेची बाणाची आकृती, आणि बाजूला खुणा. खुणा बहुतेक फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांच्या. उद्गारचिन्ह एक असेल तर सांभाळा, दोन असतील तर फार सांभाळा, तीन म्हणजे जिवावर बेतेल. वाटेच्या आकृतीसोबत होकायंत्राचे अंशही दिलेले असतात. जीपीएस असतो, पण तो रस्ता दाखवत नाही. ठरलेल्या ठिकाणाच्या जवळ पोचलात की तेवढ्यापुरता जागा होतो आणि तुम्ही तिथून गेलात याची नोंद करतो. ठिकाण चुकलं की दंडाचा वेळ. मोडी कागदातले संक्षेप लावताना आपण टेबलाशी बसून चहा घेत दहा मिनिटं विचार करतो. हा माणूस ताशी शंभरच्या वेगाने उभा राहून, उन्हात, घामाने डोळे चुरचुरत असताना ते लावतो, आणि तेवढ्या वेळात पुढची दरी बघायची राहून जाऊ शकते. आधीच्या काळी हा कागद आदल्या संध्याकाळी मिळे आणि स्वार तंबूत बसून रंगीत पेनांनी खुणा करत बसत. २०२१ पासून तो डकारमध्ये सकाळी निघतानाच हातात पडू लागला, म्हणजे ज्यांच्या पदरी नकाशे जाणणारी माणसं आहेत त्या श्रीमंत संघांना रात्रीचा फायदा राहिला नाही.

डकारबद्दल दोन शब्द. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून सेनेगलच्या डकारकडे निघालेली ही रॅली, सुरक्षेच्या कारणाने २००८ ची शर्यत रद्द झाल्यावर २००९ पासून दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. नाव मात्र डकारच. जानेवारी २०१५ मध्ये ती ब्युनोस आयर्सहून निघून चिली-बोलिव्हिया करून तिथेच परतली. संतोष केटीएमची ४५० सीसी रॅली गाडी घेऊन उतरला होता. त्या वर्षी बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या विस्तीर्ण पठारावर पाणी साचलेलं होतं. साडेतीन हजार मीटरच्या वरची थंडी आणि खारं पाणी गाडीच्या वायरिंगमध्ये शिरलेलं. मोठमोठ्या संघांच्या गाड्या तिथे बंद पडल्या. निघालेल्या मोटारसायकलींपैकी साधारण निम्म्याच शेवटपर्यंत पोचल्या आणि संतोष छत्तिसावा आला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. दुसऱ्या क्रमांकावर पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्व्हिस होता, त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

२०१६ मध्ये तो सुझुकीवर गेला आणि रॅली अर्ध्यावर सोडावी लागली. त्याच वर्षी हीरो कंपनीने जर्मनीच्या स्पीडब्रेनच्या साथीने स्वतःचा रॅली संघ उभा केला आणि संतोष त्यात आला. २०१७ च्या डकारमध्ये तो सत्तेचाळिसावा आला. आकडा बघून लोक म्हणाले, घसरला. मला मात्र हा त्याचा सगळ्यांत भारी निकाल वाटतो. २०१५ ची केटीएम ही वर्षानुवर्षं डकार जिंकत आलेली, तावून-सुलाखून निघालेली गाडी होती. २०१७ चा संघ अगदी नवा, पहिलीच डकार, कुठला भाग कधी दगा देईल याचा भरवसा नाही. नवी गाडी पहिल्याच फटक्यात शेवटापर्यंत नेणं ही मिस्त्रीच्या गॅरेजातून आलेली अक्कल आहे. गाडीच्या आवाजातला फरक ओळखून हात आखडता घेणारा स्वारच ते करतो. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, तो चौतिसावा आला आणि तोच त्याचा सर्वोत्तम क्रमांक राहिला. त्याच संघाचा स्पेनचा ओरिओल मेना सातवा आला होता, हेही नोंदवायला हवं. पहिल्या दहांत आणि चौतिसाव्यात जे अंतर आहे, ते मला पुन्हा लहानपणाशीच नेऊन जोडावंसं वाटतं.

२०१९ मध्ये पेरूत पडून तो बाहेर गेला. त्या वर्षी उडुपीचा के. पी. अरविंद शेर्को-टीव्हीएस संघातून सदतिसावा आला आणि डकार पूर्ण करणाऱ्या भारतीयांत दुसरं नाव लागलं. (हाच अरविंद पुढे कन्नड ‘बिग बॉस’मध्ये उपविजेता झाला. सीमेपलीकडच्या कित्येक घरांत तो डकारपेक्षा त्यामुळेच ओळखला जातो.)

१२ जानेवारी २०२० ला सौदीतल्या सातव्या टप्प्यात पाउलो गोन्साल्व्हिस पडला आणि गेला. चाळीस वर्षांचा होता. २०१५ ला ज्याच्या मागे संतोष कुठेतरी छत्तिसावा आला होता, तो आता हीरोच्या संघातला त्याचा सहकारी होता, आणि त्याच संघातल्या ज्वाकिम रॉड्रिग्सचा नातेवाईकही. संघाने उरलेली रॅली सोडली. गोन्साल्व्हिस हा २०१६ मध्ये जखमी पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी शर्यत थांबवून उभा राहिलेला माणूस होता. डकारच्या नियमात थांबलेला वेळ परत मिळतो, पण त्या क्षणी थांबणारा माणूस नियम आठवून थांबत नाही.

पुढच्या जानेवारीत, २०२१ च्या चौथ्या टप्प्यात वादी अद-दवासिरहून रियाधकडे जाताना संतोष पडला. डोक्याला जबर मार, खांदा निखळलेला. मागून येणारे स्पर्धक थांबले, हेलिकॉप्टर आलं आणि रियाधच्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला औषधाने बेशुद्धावस्थेत ठेवलं. त्या वर्षापासून मोटारसायकलस्वारांना एअरबॅगचं जाकीट सक्तीचं झालं होतं. पडताच ते फुगतं, छाती आणि पाठ वाचवतं. डोक्यासाठी मात्र हेल्मेटच. काही आठवड्यांनी तो भारतात परतला आणि बरा होत गेला, पण डकारचा स्वार म्हणून त्याची वाट तिथे थांबली. वय ३७. मोटोक्रॉसमध्येच राहिला असता तर बहुधा दहा वर्षं आधीच थांबला असता.

त्याच २०२१ च्या डकारमध्ये केरळातल्या शोरनूरचा हरित नोहा विसावा आला. संतोषने जो आकडा चौतीसवर आणून ठेवला होता तो एकदम विसावर आला. हरितही राष्ट्रीय सुपरक्रॉसमधूनच वर आलेला. २०२४ मध्ये त्याने रॅली-२ हा वर्ग जिंकला आणि एकूण क्रमवारीत अकरावा आला. तोही तेव्हा तिशीतलाच. म्हणजे मातीतून वाळूकडे जाणारी वाट संतोषच्या वेळी पायवाट होती, आता गाडीवाट झाली आहे.

संतोष आता शिकवतो. कोलारजवळ त्याचं ‘बिग रॉक डर्ट पार्क’ आहे. कोलार म्हटलं की आपल्या मंडळींना शहाजीराजांची जहागीर आठवते. बंगळूरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा सगळा मुलूख त्या कागदांत एकत्र येतो, आणि थोरल्या संभाजीराजांचं नावही कोलारशी जोडलेलं आहे. मोठमोठ्या गोल शिळांचा, तांबड्या मातीचा, कमी पावसाचा तो माळ. तिथे ट्रॅक कायमचा आहे, सोमवारी कोणी सपाट करत नाही. आणि तिथे गाडी शिकायला येणाऱ्यांत लहान पोरंही असतात.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, पुढच्या फेऱ्या अहमदाबाद आणि बंगळूरूला. मैदानात माती आणूनच ट्रॅक बांधला गेला होता, पण त्या मातीवर परदेशातून आलेले स्वारही उतरले, त्यांत २०१४ चा एमएक्स-२ जगज्जेता फ्रान्सचा जॉर्डी टिक्सिए होता. संघांत संतोषचा बिग रॉक होता आणि कोल्हापूरच्या मोहित्यांचाही. आपल्या पट्ट्यातल्या ज्या जुन्या स्वारांच्या माळ्यावर अजून आरएक्सचं हँडल, चेंबर किंवा एखादं पत्रक पडून असेल, त्यांनी ते रद्दी-भंगारवाल्याला देण्याआधी मंडळाला दाखवावं. फोटोच्या मागे साल आणि मैदानाचं नाव लिहिलेलं असेल तर फारच बरं.